पान नंबर किती, सर?

बारावीचा निकाल लागला की सुरतच्या नवागाममध्ये विजेचे खांब कमी पडायला लागतात. एरवी त्या खांबांवर गणेश मंडळांचा, नगरसेवकांच्या वाढदिवसांचा आणि ‘साडीला स्टोन लावायला बायका पाहिजेत’ या जाहिरातीचाच हक्क असतो. निकालानंतर मात्र पंधराएक दिवस तिथे आमची मुलं लटकतात. म्हणजे त्यांचे फोटो. पासपोर्ट साइजचा घाबरलेला चेहरा, खाली नाव, त्याखाली ट्युशन क्लासचं नाव आणि या सगळ्यांपेक्षा मोठ्या अक्षरात पीआर.

गुजरात बोर्डाने हा पीआर देऊन आईबापांवर फार उपकार केलेत. पर्सेंटाइल रँक, म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातले किती जण तुमच्या मागे राहिले त्याचा आकडा. समजा मुलाला टक्के पडले 70, तर पीआर 88 येऊ शकतो. गुणपत्रिकेवर दोन्ही छापलेलं असतं. लोकांना कुठला सांगायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि आमच्या गल्लीत ते ठरवायला आजवर कुणाला वेळ लागलेला नाही. अमळनेरच्या मावशीला फोनवर ‘88’ एवढंच सांगायचं. महाराष्ट्रात राहणारी मावशी ते टक्के समजते. तिला समजू द्यावं.

या फोटोंचा मी एक किरकोळ उत्पादक आहे. डिंडोलीच्या अंगाला एका पत्र्याच्या खोलीत मी अकरावी-बारावी कॉमर्सची ट्युशन घेतो. त्यामुळे मुलं खांबावर चढतानाही मला दिसतात आणि ऑगस्टच्या सुमाराला खाली उतरतानाही दिसतात. तोपर्यंत कॉलेज सुरू होऊन महिना-दीड महिना झालेला असतो. एखाद्या संध्याकाळी मुलगा खोलीच्या दारात येऊन उभा राहतो. आत येत नाही, जात नाही. मी म्हणतो, “काय रे, कसं चाललंय कॉलेज?” तो म्हणतो, “चांगलं चाललंय, सर.” मग पुष्कळ वेळ पंख्याकडे बघतो आणि म्हणतो, “सर, तिथे कोणी काही सांगतच नाही.”

हे एक वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की ते कॉलेजच्या प्रवेशद्वारावर कोरून ठेवायला हरकत नाही.

त्याचं दुःख समजायचं तर आधी त्याचं सुख समजून घ्यायला हवं. बारा वर्षं त्याला सगळं सांगितलं गेलेलं असतं. समास किती सोडायचा, उत्तराखाली रेघ कुठल्या पेनाने मारायची, 7 मार्कांना मुद्दे किती, कुठल्या प्रकरणातून गेल्या वर्षी काय आलं म्हणून यंदा काय येणार नाही. गुजरातमध्ये देवाखालोखाल लोकांचा विश्वास कुणावर असेल तर तो आयएमपीवर. परीक्षेच्या आठ दिवस आधी आयएमपी प्रश्नांची यादी निघते, ती मोबाइलवरून मोबाइलवर जाते, आणि उधन्याला सुरू झालेली यादी लिंबायत, गोडादरा करून नवागामला पोचेपर्यंत तिच्यात आणखी चार प्रश्नांची भर पडलेली असते. तरीसुद्धा ती धड्यापेक्षा लहानच असते, म्हणून मुलं तीच वाचतात. मीही यादी देतो. न देणाऱ्या सरांकडे पुढच्या वर्षी कुणी येत नाही.

अशा मुलाला जूनमध्ये उचलून एका मोठ्या वर्गात नेऊन बसवतात. समोर प्राध्यापक येतात, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मागणीचा नियम समजावतात, छान समजावतात, आणि निघतात. फळ्यावर जेमतेम दोन शब्द आणि एक तिरपी रेघ. मुलगा धावत दारापर्यंत जाऊन विचारतो, “पान नंबर किती, सर?”

सर म्हणतात, “कुठलंही पुस्तक घे. लायब्ररीत आहेत पुष्कळ.”

माझ्या एका विद्यार्थ्याला हे ‘कुठलंही’ इतकं लागलं की तो दोन दिवस कॉलेजलाच गेला नाही. त्याच्या आयुष्यात पुस्तक नेहमी एकच होतं. बोर्डाचं. त्याला चिकटून एक गाइड. कुठल्याही पुस्तकात उत्तर सापडतं म्हणजे उत्तरं वेगवेगळी असणार, आणि उत्तरं वेगवेगळी असतील तर त्यातलं बरोबर कुठलं, हा त्याचा प्रश्न होता. प्रश्न बिनतोड आहे. ज्ञानमीमांसा शिकवणारे लोक यावर पगार घेतात. त्याला मात्र एवढंच हवं होतं की पेपर तपासणाऱ्याच्या घरी कुठलं पुस्तक आहे.

त्यात भाषेची भानगड. आमच्या नवागामची अर्धी वस्ती खानदेशातून आलेली. नंदुरबार, धुळे, जळगाव. उधना-जळगाव रेल्वेमार्ग एका टोकाने गावाला आणि दुसऱ्या टोकाने पगाराला बांधलेला. घरात आजीची अहिराणी. शाळा महानगरपालिकेची, मराठी माध्यमाची. सुरतची महापालिका गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांतून शाळा चालवते, त्यामुळे पोराला प्राथमिकपर्यंत परका वारा लागत नाही. गल्लीत क्रिकेट हिंदीतून. दुकानदाराशी गुजराती. आणि कॉलेजात सर बोलतात गुजरातीत, पुस्तक इंग्रजीत आणि डोक्यात विचार कुठल्या भाषेत होतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक. एका मुलीची वही मी पाहिली. त्यात लिहिलं होतं : ‘प्राइस वधे तो डिमांड कमी व्हई जाई, बाकी सगळं सेम ठेवायचं.’ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 साली जाडजूड ग्रंथ लिहून ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’ असं जे मोठ्या जपून म्हटलं होतं, ते इथे चार भाषांनी मिळून एका ओळीत बसवलं होतं. एवढं झाल्यावर तिला वाटत होतं की आपल्याला काही येत नाही.

शिस्तीचंही तसंच. पहिल्या आठवड्यात आमचा एक पठ्ठ्या भर वर्गात उठून उभा राहिला आणि करंगळी वर करून म्हणाला, “बाई, जाऊ का?” मॅडम गुजराती. त्यांना आधी कोणाला हाक मारली तेच कळेना. कळल्यावर त्या म्हणाल्या, कॉलेजमध्ये विचारायचं नसतं, उठून जायचं. तो इतका ओशाळला की गेलाच नाही, तास संपेपर्यंत तसाच बसून राहिला. शाळेत परवानगी मागायची आणि ती मिळायची नाही, तेव्हा माणूस कसाही पळून जाऊ शकतो. परवानगीच लागत नाही म्हटल्यावर त्याच्या पायातलं बळ गेलं.

अर्थात ते बळ पुढे पंधरा दिवसांत परत येतं आणि मग कॉलेजच्या बाहेरच जास्त दिसतं. एका सत्रात शिकवण्याचे 90 दिवस असावेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा हिशेब. हा हिशेब ज्यांनी केला त्यांनी श्रावणात नवागामला एकदा येऊन जावं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिच्या रोटांची तयारी आधीचा आठवडा खाते आणि विसर्जनाची मिरवणूक सोमवार खाते. मग गोविंदा. मग गणपती, आणि मंडळाच्या वर्गणीची वही कॉमर्सच्या मुलाकडे नाही द्यायची तर कुणाकडे? मग नवरात्र. महाराष्ट्रातला मुलगा नवरात्रात निदान रात्री झोपतो. आमचा मुलगा मराठी म्हणून गणपतीत दहा दिवस नाचतो आणि सुरती म्हणून गरब्यात नऊ रात्री फिरतो. दोन राज्यांचे सण आणि एका राज्याची सुट्टी, अशी ही कोंडी आहे. दांडिया खाली ठेवतो तेव्हा परीक्षेचं वेळापत्रक भिंतीवर लागलेलं असतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने तर आईबापांनाही पहिल्या वर्षात आणून बसवलंय. आता अर्ज एकाच सरकारी पोर्टलवर भरायचा, ही सोय 2024 पासूनची. विषय म्हणजे नुसते विषय नाहीत, क्रेडिट आहेत. 15 तासांच्या शिकवणीला एक क्रेडिट, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला 60 तास, आणि तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट. ही सगळी क्रेडिट 2021 साली निघालेल्या एका राष्ट्रीय बँकेत मुलाच्या नावावर जमा होतात. शिक्षण मध्येच सुटलं तरी सात वर्षांपर्यंत ती तिथे शाबूत राहतात. आमच्याकडे कैरीचं लोणचंसुद्धा एवढं टिकत नाही. लूम खात्यात बारा-बारा तास उभ्याने काढणारे एक वडील माझ्याकडे आले. मुलाच्या नावाने बँकेत खातं उघडलंय असं त्यांना कळलं होतं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे काढता नाही येणार?”

दुसरे एक जण रागावून आले होते. मुलगी कॉमर्सला घातली, तर तिला तिसऱ्याच शाखेचा एक विषय घ्यायला लावला होता. मी म्हटलं, धोरणच तसं आहे, मुलांनी चौफेर व्हावं. ते म्हणाले, “आम्ही चौफेरच आहोत, सर. दिवसा मार्केट, रात्री पॅकिंग, रविवारी रंगकाम. तिने एकच काहीतरी नीट करावं म्हणून तर कॉलेजला पाठवली.” यावर धोरणात काय उत्तर आहे ते मी अजून शोधतोय.

अशा वेळी मी मुलांना विद्यापीठाच्या फाटकाकडे बोट दाखवतो. उधना तीन रस्त्यावरून मगदल्ला रोडला लागलं की पुढे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ लागतं. स्थापना 1965 ची. नर्मदाचं नाव लागलं 2004 साली. आमची मुलं त्या नावाच्या पदवीसाठी तीन वर्षं बस धरतात, पण नर्मद कोण हे विचारलं तर ‘पुतळा आहे त्यांचा’ एवढं सांगतात. कवी नर्मदाशंकर दवे सुरतेचे, जन्म 1833 चा. मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकायला गेले आणि शिक्षण अर्धवट टाकून परत आले. 1858 साली मास्तरकीही सोडली आणि इथून पुढे लेखणीवरच जगणार असं ठरवलं. पुढे गुजरातीचा मोठा शब्दकोश, ‘नर्मकोश’, एकट्याच्या हिमतीवर उभा केला. थोडक्यात, दक्षिण गुजरातेतल्या सगळ्या पदव्यांवर ज्या माणसाचं नाव छापलेलं असतं त्याला स्वतःला पदवी नव्हती. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे ड्रॉप घेतला तरी चालतो ना, सर?”

सुरतेत शिकायला-शिकवायला मराठी माणूस काल आलेला नाही, हेही मी त्यांना सांगतो. मराठी भाषेचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर 1840 च्या दशकात इथल्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकवत होते, आणि 1844 साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली. मराठी वैयाकरणी, गुजराती मेहताजी, आणि दोघांचं एकमेकांशी जमत होतं. आज आमच्या मुलाचं समोरच्या बाकावरच्या वराछाच्या गुजराती मुलाशी जमायला दिवाळी उजाडते, आणि तेही त्याच्याकडे नोट्स असल्या तर.

तशी कॉलेजची घडी जुनी झाली म्हणून सोपी झालेली नाही. मुंबई विद्यापीठातून 1862 साली पहिले बी. ए. बाहेर पडले ते चौघेच : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. त्यांना विजेच्या खांबावर कोणी लटकवलं नव्हतं, कारण अजून खांबच नव्हते. पण या चौघांच्या वेळेलाही सर तासानंतर निघून जात असतील आणि कुणीतरी मागे धावत गेलं असेल, असं मला आपलं वाटतं. माझ्याकडे पुरावा नाही. मोडकांवर माझा संशय आहे.

आता खरी गोष्ट सांगतो. खांबावर सगळ्यात वर लटकलेली मुलं पहिल्या सत्रात सगळ्यात आधी कोसळतात, आणि माझ्या वर्गात खिडकीपाशी बसून वहीत नक्षी काढणारी मुलं तरून जातात. मला याचं बरीच वर्षं कोडं होतं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीमुळे ते सुटलं. आई घरी बसून साड्यांना स्टोन लावते, वडील प्रोसेस हाउसमध्ये. बारावीत जेमतेम. पण कॉलेजात गेल्यावर तिने पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडलंच नाही. ती माणसं वाचत हिंडली. कुठल्या खिडकीवर कोण बसतं, शिपाईकाकांना कुठल्या सरांचा स्वभाव ठाऊक, झेरॉक्सवाल्याकडे मागच्या पाच वर्षांचे पेपर कुठल्या खणात, लायब्ररीतलं कुठलं पुस्तक जास्त फाटलेलं आहे. तिचा हिशेब असा की जे पुस्तक जास्त फाटलंय तेच सरांच्या कामाचं. तो हिशेब बरोबर निघाला. कुठल्याही ग्रंथपालाला विचारा.

हे तिला कुणी शिकवलं? सहावीपासून घरातले सगळे फॉर्म तीच भरते. रेशनकार्डात धाकट्याचं नाव चढवायचं, वडिलांचं आधार पॅनला जोडायचं, काकांचं ई-श्रम कार्ड, आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे कागद. सरकारी कचेरीत कोणी काही सांगत नाही हे तिला अकराव्या वर्षीच कळलं होतं. कॉलेज तसंच निघालं म्हणून तिला वाईट वाटलं नाही. उलट इथे निदान बसायला बाक होते. ज्यांच्या घरी सगळं वडील भरून देतात, मोटरसायकलवरून परीक्षा केंद्रावर सोडतात आणि बाहेर झाडाखाली पेपर सुटेपर्यंत उभे राहतात, ती हुशार मुलं कोणीतरी सांगेल म्हणून वाट बघत बसतात. त्यांच्यात अक्कल कमी नसते. त्यांना खिडकीवर ‘उद्या या’ ऐकायची सवय नसते, एवढंच.

मी आता बारावीच्या शेवटच्या महिन्यात मुलांकडून एक उत्पन्नाचा दाखला काढून आणायला लावतो. पालक म्हणतात, सर परीक्षेच्या तोंडावर हे काय. मी म्हणतो, आयएमपी आहे.

पण सगळ्यात मजेशीर प्रकरण आमच्या अकाउंटवाल्याचं. हा सकाळचं कॉलेज करून दुपारी रिंगरोडच्या कापड मार्केटात एका दुकानात बसतो. बसतो कसला, दुकान चालवतो. ग्रे कापड मिलला किती गेलं, फिनिश किती आलं, जॉबवर्कवाल्याचं काय देणं, कुठल्या पार्सलची बिल्टी अडकली, दलालाची टक्केवारी, गिऱ्हाइकाने कापलेला वटाव, ई-वे बिल, जीएसटी, सगळं त्याच्या बोटांवर आणि टॅलीवर. परत आलेल्या मालाची नोंद तो एका हाताने करतो आणि दुसऱ्या हाताने चहा सांगतो. पहिल्या सत्रात तो नेमका अकाउंटमध्ये गेला.

मी त्याला प्रश्न वाचायला लावला. ‘खरेदी परतीच्या नोंदींची चर्चा करा.’ त्याने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की खरेदी परत करण्याआधी पार्टीला फोन करावा, कारण एकदा डेबिट नोट पाठवली की पार्टी पुढचा माल देत नाही. आणि खाली, अनुभवाने, दोन ओळी मिल मालकांच्या स्वभावाविषयी. मला विचाराल तर सबंध वर्गात खरी चर्चा यानेच केली होती. तपासणाऱ्यांना मात्र तक्ता हवा होता.

निकाल आला तेव्हा त्यावर टक्के नव्हते आणि पीआरही नव्हता, नुसते ग्रेड पॉइंट होते. अमळनेरच्या मावशीला त्याने खरं ते सांगितलं, की साडेपाच आले. मावशी बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “शंभरातले?” पुढे एटीकेटीचं प्रकरण आजीला समजावायचं होतं. त्याने सांगितलं, आजी, याचा अर्थ पुढच्या सत्रात बसायची परवानगी मिळाली. “पास व्हयना ना मंग!” म्हणून आजीने पदराची गाठ सोडली आणि पाव किलो पेढे आणवले. गल्लीत वाटले, मला दिले, आणि शेठलाही द्यायला त्याच्या डब्यात चार बांधून दिले.

दुकानात गेल्यावर त्याने डबा पुढे केला. शेठने पेढा तोंडात टाकला, कसले विचारलं. एटीकेटी म्हणजे काय ते शेठना बरोबर ठाऊक होतं. त्यांच्या मुलाच्या तीन होत्या.

“शेमां रही गयो?”

“अकाउंटमां, शेठ.”

शेठचं चघळणं थांबलं. “तो पछी आपणुं जीएसटीनुं रिटर्न कोण भरे छे?”

“हुं ज भरुं छुं.”

शेठने डब्यातले उरलेले तीनही पेढे काढून घेतले आणि सीएला फोन लावला.